ठाण्यात केलेली सही कोर्टात किती चालते?

मॅडम,
माझा धाकटा भाऊ एका गोदामात स्टोअरकीपर होता. चार महिन्यांपूर्वी तिथले दोन लॅपटॉप गेले आणि संशय त्याच्यावर आला. रात्री नऊला पोलीस त्याला घरून घेऊन गेले. ‘चौकशी करून सोडतो’ म्हणाले. रात्रभर पट्ट्यानं तळपायांवर मारलं. ‘कबूल कर, नाहीतर सकाळी बहिणीला आणून बसवतो’ असंही म्हणाले. पहाटे त्यानं दोन-तीन कागदांवर सह्या केल्या, काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. सकाळी गोदामाचे मॅनेजर ठाण्यात आले. त्यांच्यासमोर पोलिसांनी विचारल्यावर हा ‘साहेब, चुकलो’ म्हणाला. मग पोलीस त्याला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर घेऊन गेले आणि पाण्याच्या टाकीमागून एक लॅपटॉप काढला. कागदोपत्री अटक दुपारी चारची दाखवली आहे. दुसऱ्या दिवशी कोर्टात ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं विचारलं, तेव्हा तो ‘नाही’ म्हणाला, कारण मारणारे शेजारीच उभे होते. सहाव्या दिवशी जामीन झाला. त्याच दिवशी मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरवर दोन्ही तळव्यांना सूज असल्याचं लिहिलं आहे. आता दोषारोपपत्र आलं आहे. ओळखीचे सगळे म्हणतात, सही केली म्हणजे संपलं, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. भाऊ तर मॅनेजरना व्हॉट्सअॅपवर माफीचा मेसेज पाठवायचा म्हणतोय. मारून घेतलेली कबुली कोर्ट बाद करतं असं ऐकलं आहे. खरं का?
— एक मोठी बहीण

ताई,

खरं आहे, पण तुम्हाला वाटतं त्याच्याही पुढे जाऊन खरं आहे. पोलिसांजवळ दिलेली कबुली न मारता घेतली असती तरी ती कोर्टात चालली नसती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 सांगतं की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम 25 होतं, 1872 पासून. मारलं होतं का, धमकावलं होतं का, की गोडीगुलाबीनं विचारलं होतं, या चौकशीत कोर्टाला शिरावंच लागत नाही. ऐकणारा पोलीस अधिकारी होता, एवढं पुरतं. तेव्हा ओळखीचे ज्या सहीला घाबरून तुम्हाला घाबरवताहेत, तो कागद तुमच्या भावाविरुद्धच्या सगळ्या कागदांमध्ये दुबळा आहे.

एवढी सरसकट बंदी कायद्यानं का घातली, याला इतिहास आहे. 1855 साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. पोलीस आणि महसुली शिपाई कसे छळ करतात ते त्यात तपशिलानं होतं. त्यानंतर 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही बंदी आली आणि तिथून पुरावा कायद्यात. त्या पुरावा कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे हिंदुस्थानातल्या एका अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे. त्याचा आशय असा, की उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यात तिखट चोळणं जास्त सोयीचं. दीडशे वर्षं उलटून गेली. आपल्या वर्तमानपत्रांत आजही ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य बिनदिक्कत छापून येतं. छापणाऱ्याला त्यात पोलिसांचं कौतुक दिसतं. मला त्या एका ओळीत आधी एक गुन्हा दिसतो आणि नंतर कोर्टात शून्य किमतीचा एक पुरावा.

आता ‘साहेब, चुकलो’ याकडे येऊ. मॅनेजर काही पोलीस नाहीत, मग त्यांच्यासमोर बोललेलं चालेल का? पोलिसांच्या ताब्यात असताना आरोपीनं कोणाहीजवळ दिलेली कबुली दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष नसेल तर तीही शाबीत करता येत नाही. हे त्याच कलम 23 चं दुसरं पोटकलम. सरकार पक्ष म्हणेल, अटक तर दुपारी चारची, सकाळी तो ताब्यात कुठे होता? ताबा ठरतो तो प्रत्यक्ष परिस्थितीवरून, अटकेच्या पंचनाम्यावर लिहिलेल्या वेळेवरून नाही. जो माणूस रात्री नऊपासून ठाण्याबाहेर पाऊल टाकू शकत नव्हता, तो ताब्यातच होता. शिवाय कलम 22 आहे. अधिकारपदावरच्या माणसानं धमकी, आमिष, जबरदस्ती किंवा वचन दिल्यामुळे दिलेली कबुली त्यानं गैरलागू ठरते. बहिणीला आणून बसवण्याची धमकी त्यात चपखल बसते.

इथपर्यंत सगळं तुमच्या बाजूचं झालं. तुमची खरी लढाई गच्चीवरची आहे.

कलम 23 ला एक परंतुक, म्हणजे अपवाद, जोडलेलं आहे, जुन्या कायद्यातलं प्रसिद्ध कलम 27 ते हेच. ताब्यातल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या माहितीतला जेवढा भाग त्या शोधाशी थेट संबंधित आहे तेवढा शाबीत करता येतो. मग ती माहिती कबुलीच्या स्वरूपाची असली तरी. पहाटे सह्या घेतलेल्या दोन-तीन कागदांपैकी एक बहुधा ‘निवेदन पंचनामा’ असणार. त्यात मजकूर साधारण असा सापडेल: ‘मी गोदामातून चोरलेला लॅपटॉप बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीमागे लपवून ठेवला आहे, तो काढून देतो.’ या वाक्याचे दोन तुकडे पाडायचे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, पुलुकुरी कोटय्या खटल्यात हे तुकडे कसे पाडायचे ते दाखवून दिलं आणि आजही आपली कोर्टं तोच निकाल वापरतात. वस्तू अमुक जागी आहे आणि ते आरोपीला माहीत होतं, एवढंच आत येतं. ‘मी चोरलेला’ हे बाहेर.

पण हे आपोआप होत नाही. आपल्याकडे कबुली बाद करण्यासाठी खटल्याआधी वेगळी सुनावणी सहसा नसते. तपासी अधिकारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ असं सरळ सांगायला लागतो. त्या क्षणी तुमच्या वकिलानं उठून हरकत घ्यायला हवी. पंचनाम्याला निशाणी क्रमांक पडताना, म्हणजे तो पुरावा म्हणून कोर्टाच्या नोंदीत जाताना, कबुलीचा भाग वगळायला सांगायला हवं. अनेक खटल्यांत वकील गप्प बसतात, अख्खा पंचनामा निशाणी म्हणून आत जातो आणि अपिलात वरच्या कोर्टाला तो निवडत बसावं लागतं. तुमच्या वकिलांना ही एक गोष्ट आधीच विचारून ठेवा.

उरलेल्या तुकड्यावरही हल्ला करता येतो आणि तुमच्या प्रकरणात तो चांगल्यापैकी करता येईल असं मला वाटतं. गच्ची कोणाची? तुमच्या एकट्याची नसणार. जिथे बिल्डिंगमधला कोणीही ये-जा करतो, तिथे सापडलेल्या वस्तूला कोर्ट कमी वजन देतं. दुसरं, पंच कोण होते? ठाण्यात नेहमी येणारेच असतील तर त्यांची आधीच्या खटल्यांतली नावं शोधता येतात. निवेदन देताना पंच हजर होते का, की आधी सही आणि मग पंचांना बोलावणं? आरोपीचे नेमके शब्द पंचनाम्यात आहेत का? 2022 च्या रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे बारकाईनं तपासलं आणि पुरावा नाकारला. निवेदन पहाटे, पंचनाम्यावर वेळ दुपारची आणि ‘अटकेनंतर आरोपीने स्वखुशीने सांगितले’ असा मजकूर असेल, तर सकाळीच गच्चीवर पोलीस पाहिलेले शेजारी तुमच्या कामाचे आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. दोषारोपपत्रासोबत ते आहे का पाहा. असेल तर त्यावरची वेळ बघा. नसेल तर ‘का नाही’ हा उलटतपासातला प्रश्न झाला.

आता तुमचा मूळ प्रश्न, मारहाणीचा. ती खरी उपयोगी पडते ती इथे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. 1961 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठानं म्हटलं, की नुसता पोलीस ताबा म्हणजे सक्ती नव्हे. मात्र सक्ती झाली असेल, तर वस्तू शोधून देणारी माहितीसुद्धा अनुच्छेद 20(3) मध्ये अडकते. सक्ती झाली का, हा प्रत्येक खटल्यात पुराव्यानं ठरवायचा प्रश्न. 2019 च्या आशिष जैन विरुद्ध मकरंद सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच कारणासाठी जप्तीचा पुरावा आरोपींविरुद्ध वापरू दिला नाही. म्हणजे ठाण्यातला कबुलीजबाब पाडायला तुम्हाला मारहाण दाखवायची गरज नाही, गच्चीवरचं निवेदन पाडायला मात्र ती फार मोलाची आहे.

एक भ्रम मात्र आधीच काढून टाकते. पोलिसांनी मारलं हे सिद्ध झालं म्हणजे अख्खा खटला कोसळतो, असं आपल्याकडे नाही. अमेरिकेत बेकायदा मिळवलेल्या पुराव्यावर बरीच कडक बंदी आहे आणि 1966 च्या मिरांडा निकालापासून गप्प राहण्याचा हक्क न सांगता घेतलेला जबाबही सरकार पक्षाला एरवी पुरावा म्हणून मांडता येत नाही. आपण पोलिसांजवळच्या कबुलीबाबत अमेरिकेपेक्षा कडक आहोत आणि वस्तूंबाबत बरेच सैल. झडती बेकायदा होती एवढ्यावरून सापडलेली वस्तू बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सत्तरच्या दशकातच पूरणमल खटल्यात ठरवलं. त्यामुळे लॅपटॉप कोर्टात मुद्देमाल म्हणून येणारच. तुम्हाला तोडायचा आहे तो लॅपटॉप आणि भाऊ यांच्यामधला दुवा. तो तुटला नाही तर कोर्ट असंही गृहीत धरू शकतं, की चोरीचा माल चोरीनंतर लगेच ज्याच्या कब्जात सापडला तो एकतर चोर, नाहीतर माहीत असून माल घेणारा. तिथे पुन्हा ‘कब्जात’ या मुद्द्यावर गच्ची तुमच्या मदतीला येते.

मारहाण दाखवायची कशी? कोर्टात तो ‘नाही’ म्हणाला हे नुकसानीचं आहे, पण जीवघेणं नाही. मारणारा हवालदार हातभर अंतरावर असताना कोणीही ‘नाही’च म्हणतं, आणि हे न्यायाधीशांनाही माहीत असतं. सहाव्या दिवसाचा सरकारी दवाखान्याचा केसपेपर हा तुमचा सगळ्यात चांगला कागद आहे. मूळ प्रत जपून ठेवा, वकिलांना झेरॉक्स द्या. ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांना बचावाचे साक्षीदार म्हणून बोलावता येतं. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा कागदही मागवून घ्या. ‘ताज्या जखमा नाहीत’ असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर तळवे पाहिले होते का, हा प्रश्न त्या डॉक्टरांनाही विचारता येतो.

आणि सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, सगळीकडे. चित्रीकरण 18 महिने जपायचं, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष. तुमच्या प्रकरणाला चार महिने झाले आहेत. याच आठवड्यात कोर्टात अर्ज द्यायला सांगा, की त्या रात्री नऊपासून पुढच्या दुपारी चारपर्यंतचं चित्रीकरण जपून ठेवून हजर करावं. कॅमेरा बंद होता असं उत्तर येण्याची शक्यता आहे, ते मी नाकारत नाही. पण तेही लेखी येऊ द्या. रात्री नऊला नेल्याचं त्यात दिसलं तर आणखी एक गोष्ट उघडी पडते. ताब्यात घेतलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायचं असतं आणि खऱ्या वेळेपासून मोजलं तर ती मुदत केव्हाच उलटली होती. स्टेशन डायरी मागवायचा अर्जही त्याच्यासोबत जाऊ द्या.

मारणाऱ्यांविरुद्ध तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. कबुली काढण्यासाठी इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. राज्य मानवी हक्क आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण हेही पर्याय आहेत. तक्रार कधी करायची हे मात्र वकिलांशी बोलून ठरवा, कारण तिथे लिहिलेला प्रत्येक शब्द इथल्या खटल्यात सरकारी वकिलांच्या हाती पडू शकतो.

‘गुन्हा कबूल करा, दंड भरा’ या सल्ल्यावर मला राग येतो, कारण तो देणाऱ्यांनी कलम वाचलेलं नसतं. दोषारोपपत्रातलं कलम तपासा. नोकरानं मालकाच्या मालाची चोरी केल्याचं न्याय संहितेचं कलम 306 लावलं असेल, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड अशी आहे. नुसत्या दंडावर सोडायची तरतूद त्या कलमात नाही. पहिला गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं कोर्टाच्या हातात असतं, तुमच्या ओळखीच्यांच्या नाही. शिवाय न्यायाधीश आरोप वाचून ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारतात तेव्हा दिलेलं ‘हो’ हे थेट शिक्षेपर्यंत नेऊ शकतं. त्यानंतर अपील उरतं ते मुख्यतः शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही यापुरतं. चारित्र्य पडताळणीत ती नोंद पुढे प्रत्येक नोकरीला आडवी येईल. ठाण्यातल्या ज्या कबुलीला कायदा किंमत देत नाही, तिच्या धाकानं कोर्टात खरीखुरी कबुली द्यायची, हा कसला व्यवहार?

वकिलांचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. 15100 ही त्यांची हेल्पलाइन आहे. तुमच्या भावाला जामिनावर असल्यामुळे उत्पन्नाची अट पाहावी लागेल. कोठडीतल्या माणसाला आणि स्त्रियांना ती अट नसते. दोषारोपपत्राची संपूर्ण प्रत आरोपीला मोफत मिळते. ती हातात आल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर काही ठरवू नका.

आता शेवटचं आणि सगळ्यात तातडीचं. तो मेसेज पाठवू नका.

भाऊ आज ताब्यात नाही आणि मॅनेजर पोलीस नाहीत. कलम 23 ची जी भिंत ठाण्यात त्याच्या भोवती होती, ती घरी बसून लिहिलेल्या व्हॉट्सअॅपला लागू होत नाही. ‘सर माफ करा, माझ्या हातून चूक झाली’ एवढं एक वाक्य स्क्रीनशॉट आणि आवश्यक प्रमाणपत्रासह कोर्टात येऊ शकतं. अशी कबुली कोर्ट सावधपणे पाहतं हे खरं, तरी जप्तीच्या जोडीला ती बसली की वर सांगितलेल्या कुठल्याच हरकतीला फारसं बळ राहत नाही. मित्र, नातेवाईक, जुने सहकारी, कोणाजवळही त्यानं या विषयावर बोलू नये. फक्त वकिलांशी मोकळेपणानं बोलावं, कारण त्यांना ते बाहेर सांगता येत नाही. त्यानं खरंच काय केलं हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही आणि मीही विचारत नाही. वकिलांना मात्र ते कळायला हवं.

हे उत्तर छापून येईपर्यंत मेसेज गेलाच असेल, तर तो पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप अंगाला चिकटेल. फोन आहे तसा घेऊन वकिलांकडे जा आणि मॅनेजरचं उत्तर आलं असेल तर तेही दाखवा. त्याला परत उत्तर देऊ नका.